बाबांच्या मशीनवर फुटलेलं खापर

माझे सासरे एका मोठ्या हॉस्पिटलात लिफ्टमन होते. नोकरीला लागले तेव्हा त्यांना मिसरूड फुटत होतं आणि निवृत्त झाले तेव्हा मिशी पांढरी झाली होती. मधली सगळी वर्षं एका लोखंडी डब्यात, लाकडी स्टुलावर बसून गेली. कोणाला बाळंतिणींच्या वॉर्डात जायचंय, कोणाला एक्स-रे काढायला, कोणाला तळघरात आपलं माणूस ओळखायला, हे आत पाऊल टाकणाऱ्याच्या चेहऱ्यावरूनच त्यांना कळायचं. मजला न विचारता ते बटण दाबायचे आणि सहसा चुकायचे नाहीत.

लिफ्ट अडकली की मात्र सगळ्यांची भाषा बदलायची. अडकण्यात दोष असायचा मोटरचा, नाहीतर दोराचा, नाहीतर देखभालीचं कंत्राट घेणाऱ्याचा. पण आत बसलेले असायचे बाबा. त्यामुळे आत अडकलेले बाबांवर ओरडायचे, बाहेर ताटकळलेले बाबांवर ओरडायचे, आणि मोटर दुरुस्त करायला आलेला माणूससुद्धा पहिल्यांदा त्यांनाच विचारायचा, की तुम्ही नक्की काय केलंत. एकदा एका पेशंटला ऑपरेशनला नेताना लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्येच थांबली. पेशंट वाचला, पण मोठे डॉक्टर भडकले आणि चौकशी होईपर्यंत बाबांना घरी बसवलं. चौकशीत निघालं की वरची कप्पी झिजली होती आणि ते कंत्राटदाराला आधीपासून ठाऊक होतं. बाबांना निरोप आला, सोमवारपासून कामावर या. एवढंच. आमचं चुकलं, असं एकानेही म्हटलं नाही. ही हकिगत बाबांनी माझं लग्न झालं त्या वर्षी मला एकदा सांगितली आणि पुन्हा कधी तोंडातून काढली नाही. सारखी उगाळली असती तर मी ती विसरूनही गेले असते.

हे आधी सांगितलं, कारण पुढे त्यांच्या बाबतीत जे झालं ते परक्याने केलं नाही. त्यांच्या पोटच्या मुलाने केलं, म्हणजे माझ्या नवऱ्याने. ते आठवलं की आजही माझं डोकं फिरतं.

नवरा वजनकाटे तपासतो. गोदामांच्या आणि कारखान्यांच्या फाटकाशी जमिनीत बसवलेले मोठे काटे असतात ना, ज्यांच्यावर भरलेला ट्रक अख्खाच्या अख्खा चढतो, ते. आमच्या ट्रकमध्ये खात्रीची लोखंडी वजनं असतात. ती काट्यावर ठेवायची, आकडा बघायचा, फरक पडत असेल तर काटा सुधारायचा आणि सील ठोकायचं. कामं लांब लांब, म्हणून ट्रकच्या मागे कॅम्पर जोडलेला. चाकांवरची खोलीच म्हणा ना: एका टोकाला आमचा बिछाना, दुसऱ्या टोकाला एक बाक, मध्ये शेगडी, लहानसा फ्रीज आणि भिंतीला लावलेलं घडीचं टेबल. वजनं त्याच्याकडे, फोन, कागदपत्रं आणि स्वयंपाक माझ्याकडे. धंद्यात त्याला सगळे 'काटेकोर' म्हणतात आणि ते त्याला मनापासून आवडतं. गोदामवाला म्हणाला, की अहो काटा बरोबर आहे, कालच बघितलाय, तर हा गालातल्या गालात हसतो आणि म्हणतो, बघितलाय ना, मोजला कुठे.

सासूबाई गेल्यावर बाबा आमच्याबरोबर राहायला आले. माझ्या नणंदेने, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या बहिणीने, माझ्याकडे चला म्हणून फार हट्ट धरला होता. तिचं घर पक्कं, बाबांना वेगळी खोली मिळाली असती. पण बाबा म्हणाले, जन्मभर वर आणि खाली केलं, आता जरा पुढे जाऊन बघतो. कॅम्परमधला बाक त्यांचा बिछाना झाला. आठ-पंधरा दिवसांत ते असे रुळले की जणू चाकांवरच जन्मले असावेत. फाटकाशी खुर्ची टाकून बसायचे आणि येणाऱ्या ट्रककडे बघून तो भरलाय की रिकामा हे आधीच सांगायचे. काटेवाले त्यांना चहा आणून द्यायचे. सकाळी आमच्या आधी उठून ते पांघरुणाची घडी घालायचे, ती अशी की हॉस्पिटलच्या चादरीला लाज वाटावी.

त्यांना झोपेत श्वास अडकण्याचा त्रास होता. डॉक्टरांनी एक छोटं मशीन दिलं होतं, उशाशी ठेवायचं, नळी आणि मास्क लावून झोपायचं. ते हवा आत ढकलत राहतं आणि घसा मिटू देत नाही. मशीन लावलं की माणूस सकाळी ताजातवाना, नाही लावलं तर दिवसभर पेंगुळलेला आणि डोकं जड. हे मशीन कॅम्परच्या बॅटरीवर चालायचं. कॅम्परला स्वतःची बॅटरी होती आणि ट्रकला स्वतःची. रस्त्याने जाताना ट्रकच्या इंजिनावर दोन्ही भरायच्या. त्यासाठी ट्रकच्या मागून एक जाड केबल निघून कॅम्परच्या तोंडाशी प्लगमध्ये बसायची. मला एवढंच माहीत होतं, आणि त्याहून जास्त माहीत असण्याची गरजही पडली नव्हती.

मग ट्रक सकाळी सुरू होईनासा झाला.

पहिल्यांदा झालं तेव्हा कोणी मनावर घेतलं नाही. चावी फिरवली, कट् असा आवाज आला, बस. गोदामातल्या एका ड्रायव्हरने आपल्या गाडीवरून केबल लावून दिली, ट्रक सुरू झाला आणि आम्ही निघालो. पण पुढच्या मुक्कामी पुन्हा तेच. नवऱ्याने ट्रकची बॅटरी बदलली. कोरी बॅटरी पहिल्याच सकाळी उतरलेली. काटा सुरू होण्याआधी आमचं काम आटपायचं असतं, नंतर गाड्यांची रांग लागते. आणि आम्ही उभे राहायचो फाटकाबाहेर, बॉनेट उघडून, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हातापाया पडत. एका कारखान्याने तर सरळ दुसऱ्या तपासनिसाला बोलावून घेतलं.

ट्रकच्या गॅरेजवाल्याने ट्रक बघितला आणि म्हणाला, माझ्याकडे सगळं ठीक आहे, कॅम्पर तपासून घ्या. कॅम्परचा मिस्त्री म्हणाला, कॅम्परमध्ये काही नाही, ट्रकमध्ये असणार. आम्ही पुन्हा गॅरेजवाल्याकडे. त्याने पुन्हा बोट कॅम्परकडे. दोघांनीही मधल्या त्या केबलला हात लावला नाही, कारण ती ना याची होती ना त्याची. मी तेव्हा विचारलंही, की दोन्ही जिथे जोडलेत तिथे कोण बघणार. मिस्त्रीने माझ्याकडे न बघता नवऱ्याला सांगितलं, की वहिनींना म्हणावं केबल म्हणजे नुसती तार असते, ती काय बॅटरी पिणार.

तेवढ्यात बाबा कॅम्परमधून बाहेर आले. दार उघडं होतं, बाकावरचं मशीन आणि नळी मिस्त्रीच्या नजरेला पडली. त्याने विचारलं हे काय आहे, नवऱ्याने सांगितलं, आणि मिस्त्रीचा चेहरा असा उजळला की जणू त्याला हरवलेली वस्तू सापडली.

"मग झालं की," तो म्हणाला. "रात्रभर मशीन चालतंय म्हटल्यावर बॅटरी राहील कशी? आजोबांना सांगा, जरा जपून."

नवऱ्याने मान हलवली. जो माणूस दुसऱ्याच्या काट्यावर मोजल्याशिवाय एक शब्द लिहून देत नाही, त्याने तिथे उभ्या उभ्या मान हलवली. वीज मोजायचा मीटर ट्रकमध्येच पडला होता. तो आणायला दहा पावलंही जावं लागलं नसतं.

त्या संध्याकाळी त्याने बाबांपुढे विषय काढला. ओरडला वगैरे नाही, उलट फार गोड बोलला, आणि त्याचाच मला जास्त राग आला. म्हणाला, की थोडे दिवस मशीन बंद ठेवून बघू या, नुकसान होतंय, तुम्हीच समजून घ्या. मी म्हटलं, डॉक्टरांनी सांगितलेलं मशीन आहे, फॅन आहे का बंद करायला. तो म्हणाला, तू मध्ये पडू नकोस, चार दिवसांचा प्रश्न आहे. बाबांनी नळी गुंडाळली, मास्क पुसला, मशीन खोक्यात घातलं आणि खोकं बाकाखाली सरकवलं.

त्यानंतर ते आडवे होऊन झोपेनात. आडवं झालं की श्वास जास्त अडकतो, म्हणून पाठीला उशी लावून बसूनच डोळा लावायचे. दिवसा त्यांच्या डोळ्यांखाली काळं दिसू लागलं. खुर्चीत बसल्या बसल्या मान पडायची. एकदा चहाचा कप हातातून निसटून मांडीवर सांडला आणि ते मलाच म्हणाले, माफ कर हं सूनबाई. भाजलं त्यांना, माफी मागत होते माझी.

आणि नेमक्या त्याच चार दिवसांत ट्रक रोज पहिल्या झटक्यात सुरू झाला.

नवऱ्याची छाती फुगली. बघ, म्हणाला, सांगत होतो ना. समोर दिसत होतं ते मलाही मानावं लागलं. ते काम एका मोठ्या धान्यकोठाराचं होतं. आत जागा अरुंद, म्हणून कॅम्पर फाटकाबाहेर सोडून दिला होता आणि ट्रक एकटाच आत काट्याजवळ उभा असायचा. त्या वेळी मला त्यात काही वेगळं वाटलं नाही.

तिथून आम्ही पुढच्या गावी गेलो, कॅम्पर मागे जोडूनच मुक्काम केला, आणि सकाळी ट्रक मेलेला. कट् आवाजसुद्धा नाही.

नवरा बॉनेटजवळून थेट कॅम्परमध्ये आला. बाबा बाकावर बसले होते, पांघरुणाची घडी मांडीवर.

"बाबा, लावलं होतंत का मशीन?"

"नाही."

"खरं सांगा. मी काही बोलणार नाही."

बाबांनी त्याच्याकडे बघितलं. पुन्हा म्हणाले, "नाही लावलं."

मी खोकं ओढून त्याच्यासमोर आपटलं. नळी जशी गुंडाळली होती तशीच होती. तो म्हणाला, परत गुंडाळता येते. एवढं बोलून बाहेर गेला आणि बहिणीला फोन लावला. त्याला वाटलं आम्हाला ऐकू जाणार नाही, पण कॅम्परच्या भिंती काय असतात, पुठ्ठा आणि पत्रा. मी ऐकलं, बाबांनीही ऐकलं. ताई, बाबा लपून मशीन लावतात आणि विचारलं तर नाही म्हणतात, असं तो सांगत होता. वयामुळे होतं असं, असंही म्हणाला. आणि शेवटी म्हणाला, की काही दिवस तुझ्याकडे ठेवून घे.

ज्या माणसाने उभ्या आयुष्यात कोणाची टाचणी उचलली नाही, त्याच्या मुलाने त्याला खोटारडा ठरवलं, तेही त्याच्या पाठीमागे, आणि एका बॅटरीसाठी. मी तावातावाने बाहेर निघाले होते. बाबांनी हात धरून मला थांबवलं. 

ते स्वतःच उठले, चपला घातल्या आणि बाहेर जाऊन मुलासमोर उभे राहिले. नवऱ्याने घाईघाईने फोन खिशात टाकला.

"तुझ्या ताईकडे मी जाईन," बाबा म्हणाले. "मला कोणी ठेवून घ्यायची गरज नाही, मी माझा जाईन. पण त्याआधी तू मोज."

"काय मोजू?"

"लोकांचे काटे मोजतोस ना? मग आता माझं मोज. माझं मशीन किती पितं ते मला आकड्यात सांग. ते आकड्यात सांगितलंस तर मी एक शब्द बोलणार नाही."

आजूबाजूला दोन-तीन ड्रायव्हर उभे होते, केबल घेऊन मदतीला आलेले. त्यांच्यादेखत नवऱ्याचे कान लाल झाले. तो म्हणाला, आधी काम आहे. बाबांनी तिथलीच एक लोखंडी खुर्ची ओढली, ट्रकच्या बंपरसमोर ठेवली आणि तिच्यावर बसले. ट्रक हलवायचा तर आधी त्यांना हलवावं लागलं असतं. उन्हात ते तसेच बसून राहिले. मी पाणी आणून दिलं, ते प्यायले, पण उठले नाहीत.

मी मीटर आणून नवऱ्याच्या हातात दिला. चिमट्यासारखा असतो तो. तारेभोवती नुसता लावला की तिच्यातून किती वीज वाहतेय ते दाखवतो. तोवर ड्रायव्हरांनी केबल लावून ट्रक सुरू करून दिला होता. बॅटरीत थोडा जीव येईपर्यंत इंजिन चालू ठेवलं आणि मग बंद केलं. नवऱ्याने ट्रकच्या बॅटरीच्या तारेला चिमटा लावला. मशीन खोक्यातच, दिवे बंद, फ्रीज बंद, इंजिन बंद. आकडा शून्याजवळ यायला हवा होता. आला आठ अँपिअर.

नवऱ्याला वाटलं मीटर बिघडलाय. त्याने तो काढला, पुन्हा लावला. तेवढाच आकडा, किंचित जास्तच. मग तो कॅम्परमध्ये गेला आणि तिथले फ्यूज काढायला लागला: पंपाचा, दिव्यांचा, फ्रीजचा, पंख्याचा, आणि ज्याला मशीन जोडलं जायचं त्या सॉकेटचा. मी बाहेर उभी राहून मीटर वाचत होते. प्रत्येक फ्यूज निघाल्यावर तो आतून विचारायचा, उतरला का. मी सांगायचे, नाही. त्याचा आवाज दर खेपेला बारीक होत गेला. सगळे फ्यूज टेबलावर ओळीने पडले होते, कॅम्परमध्ये काही म्हणून चालू नव्हतं, आणि ट्रकमधून कॅम्परकडे वीज तशीच धो धो वाहत होती.

तेव्हा मला धान्यकोठार आठवलं. तिथे कॅम्पर बाहेर होता आणि ट्रक आत. मी मनातल्या मनात मागचे मुक्काम तपासले. जिथे जिथे कॅम्पर सोडून ठेवला होता तिथे ट्रक सुरू झाला होता. जिथे जोडलेला होता तिथे मेला होता. बाबांच्या मशीनचा त्याच्याशी काडीचा संबंध नव्हता. मी नवऱ्याला काही विचारलं नाही. सरळ मागे गेले, दोन्ही हातांनी प्लग धरला आणि ओढून काढला.

मीटरजवळ उभ्या असलेल्या ड्रायव्हरने सांगितलं, की शून्य.

प्लग लावला, आठ. काढला, शून्य. आम्ही तीनदा केलं, कारण तिसऱ्या वेळी मला नवऱ्याने ते डोळ्यांनी बघायला हवं होतं. मग बाबांनी आपलं मशीन मागवलं. प्लग जोडला, फ्यूज परत लावला, मशीन चालू केलं आणि ते म्हणाले, आता वाच. आकडा हलला, पण एवढासा, वाचायचा दिवा लावला तर हलेल तेवढाच.

"एवढं माझं," बाबा म्हणाले. "बाकीचं कोणाचं ते शोध."

नवरा ट्रकखाली शिरला. ट्रक आणि कॅम्पर यांच्या मधल्या त्या तारेवर एक रिले असतो, म्हणजे आपोआप उघडमीट करणारं बटण. इंजिन चालू असलं की ते दोन्ही बॅटऱ्या जोडतं, इंजिन थांबलं की तोडतं, उभ्या ट्रकमधली वीज मागे जाऊ नये म्हणून. त्याची डबी जागेवर होती, पण आतून निघालेल्या दोन्ही तारा बाहेरच्या बाहेर एकमेकींना पिळून काळ्या टेपने गुंडाळलेल्या होत्या. मधला दरवाजाच जणू काढून टाकला होता. आणि पलीकडे कॅम्परची बॅटरी आतून खराब झालेली. ती कितीही पाजलं तरी भरत नव्हती, म्हणून रात्रभर ट्रकच्या बॅटरीतून ओढत राहायची.

नवरा खालून बाहेर आला तो कपडे झटकत बसला. बराच वेळ झटकले. मग म्हणाला, मिस्त्रीने केलंय हे. मी विचारलं, कधी. त्याने जे सांगितलं ते ऐकून माझ्या पायाची आग मस्तकात गेली. काही महिन्यांपूर्वी यानेच मिस्त्रीकडे तक्रार केली होती, की कॅम्परची बॅटरी नीट भरत नाही, काहीतरी कर. मिस्त्रीने काहीतरी केलं होतं. बॅटरी जुनी झालीय हे बघायचे कष्ट घेतले नाहीत, दोन तारा जोडल्या आणि मोकळा झाला. आणि नंतर हाच मिस्त्री, स्वतःच्या हाताने तारा पिळणारा, माझ्या सासऱ्यांकडे बोट दाखवून जरा जपून म्हणून सांगत होता.

त्या दिवशीचं काम संपल्यावर आम्ही प्लग काढून ठेवूनच मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी मिस्त्रीकडे गेलो. त्याने आधी कानावर हात ठेवले. टेप दाखवल्यावर म्हणाला, साहेबांनीच सांगितलं होतं चार्जिंग वाढवून द्या. मी विचारलं, मग बॅटरी उतरते म्हणून आम्ही आलो तेव्हा हे आठवलं नाही का. तो म्हणाला, दिवसाला किती गाड्या येतात, कुठलं कुठलं लक्षात ठेवायचं. मी म्हटलं, गाडी लक्षात राहिली नाही, पण म्हातारा माणूस बरोबर दिसला. यावर तो हसला. "वयस्कर माणसं विसरतात हो वहिनी, मला आपलं वाटलं." आणि पाना शोधायला वळला, जणू विषय संपला.

मी त्याला संपवू दिला नाही. बाबा ट्रकमध्ये पुढच्या सीटवर बसले होते. मी मिस्त्रीला म्हटलं, तुला जे वाटलं त्याच्यापायी ते कित्येक रात्री बसून झोपलेत. आता जे कळलं ते त्यांना जाऊन सांग. सांगितल्याशिवाय माझ्या गाडीला हात लावायचा नाही. त्याने नवऱ्याकडे बघितलं, नवऱ्याने खाली बघितलं. शेवटी मिस्त्री हात पुसत खिडकीशी गेला आणि म्हणाला, आजोबा, चूक झाली, राग मानू नका.

"राग मानलाय," बाबा म्हणाले. "तू काम नीट कर."

मिस्त्रीने नवा रिले बसवला, आम्ही कॅम्परला नवी बॅटरी घेतली आणि नवऱ्याने स्वतः मीटर लावून बघितलं. इंजिन बंद, प्लग लावलेला, आकडा शून्य. तिथून निघताना तो बाबांना म्हणाला, झालं सगळं व्यवस्थित, आता मशीन खुशाल लावा. मला वाटलं बाबा हो म्हणतील आणि प्रकरण मिटेल, कारण घरात अशी प्रकरणं अशीच मिटतात. मोठ्या माणसाने मोठं मन दाखवायचं आणि बाकीच्यांनी जेवायला बसायचं.

बाबांनी ट्रक बाजूला घ्यायला सांगितला.

"ताईला फोन लाव," ते म्हणाले. "स्पीकरवर. तिला जे सांगितलंस ते माझ्यासमोर परत घे."

"बाबा, तिला मी संध्याकाळी सांगतो ना नीट."

"त्या दिवशी नीट वेळ बघून सांगितलं होतंस का?"

रस्त्याच्या कडेला, टायरच्या दुकानासमोर, गाड्यांच्या आवाजात नवऱ्याने फोन लावला. सुरुवातीला तो बॅटरीबद्दलच बोलत राहिला, रिले, मिस्त्री, तारा. नणंदेला त्यातलं काय कळणार, ती हो हो करत होती.  शेवटी तो म्हणाला, ताई, बाबांनी मशीन लावलं नव्हतं. मी खोटं बोललो. नणंद म्हणाली, तू खोटं बोललास असं नाही रे, तुला तसं वाटलं. तेव्हा बाबा फोनजवळ वाकले आणि त्यांनी मुलीला सांगितलं, की त्याला म्हणू दे, तू मध्ये बोलू नकोस. नवऱ्याला ते पुन्हा म्हणावं लागलं.  मला त्याची दया आली असं लिहिलं तर ते बरं दिसेल, पण खरं सांगायचं तर आली नाही.

बाबा बोलल्याप्रमाणे नणंदेकडे गेले. मी म्हटलं आता कशाला जाता, आता तर सगळं निस्तरलं. ते म्हणाले, जाईन म्हटलं होतं, आणि मला थोडं लांब राहायचंय. आम्ही त्यांना दारापर्यंत सोडलं. मशीनचं खोकं त्यांनी स्वतः उचललं; नवरा पुढे झाला तर त्याच्या हातात पिशवी दिली, खोकं दिलं नाही.

दोन-एक महिने ते तिथे राहिले. नवरा दर रविवारी फोन करायचा. बाबा बोलायचे, पण प्रकृतीचं आणि हवेचं, तेवढंच. मग एके दिवशी त्यांनी मलाच फोन केला आणि विचारलं, की आता कुठे आहात, समुद्राच्या बाजूला काम आहे का. मी म्हटलं, पुढच्या आठवड्यात आहे. ते म्हणाले, मग मला घ्यायला या. इथे सगळं छान आहे, पण खिडकीतून रोज तीच भिंत दिसते.

आल्यावर त्यांनी मुलाला एवढंच सांगितलं, की पुढच्या वेळी काही वाटलं तर आधी मला विचार, आणि मी सांगितलेलं खरं धर. तो हो म्हणाला. दोघांमध्ये पूर्वीसारखं झालं का, तर नाही. नवरा आता त्यांच्याशी बोलताना शब्द निवडतो आणि बाबा ते ओळखतात. मिस्त्रीकडे आम्ही पुन्हा गेलो नाही. तो अजूनही कोणाच्या ना कोणाच्या म्हाताऱ्याला जपून राहायला सांगत असेल, आणि ऐकणारा मान हलवत असेल, या विचाराने मला अजूनही चीड येते.

समुद्राकडच्या त्या मुक्कामी सकाळी ट्रक पहिल्या झटक्यात सुरू झाला. आम्हाला लवकर निघायचं होतं, पण बाबा अजून झोपले होते, आडवे, कुशीवर, मास्क लावून. मी नवऱ्याकडे बघितलं. त्याने इंजिन बंद केलं, गोदामाला फोन करून उशीर होईल म्हणून कळवलं आणि पायरीवर बसून चहा पीत राहिला.